बिनमाशांची टाकी

आमच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी, तीन आठवड्यांपासून काचेची एक टाकी आहे. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. काठोकाठ भरली तर 56 लिटर. खाली वाळू, कोपऱ्यात बुडबुडणारा फिल्टर. मासा एकही नाही.

नळ दोन दिवसांआड येणाऱ्या जळगावच्या घरात हे पटवणं सोपं नाही. "चार हंडे पाणी," आईने पहिल्याच दिवशी मोजून सांगितलं, "आणि पोहायला कुणी नाही." त्यात मी रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकायचो. दिवस पितृपक्षाचे. "तुझी सर्वपित्री रोजच आहे का रे?" असं तिने विचारलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण उपमा अगदी चुकीची नव्हती. डोळ्यांना न दिसणाऱ्यांसाठीच तो घास होता.

ते खाणं कुजतं, त्याचा अमोनिया होतो. अमोनिया माशांना विष. मग एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे माशांना बऱ्यापैकी सोसतं. या दोन्ही मंडळींची वस्ती वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर जमायला चार-सहा आठवडे जातात. याला म्हणायचं टाकी 'सायकल' होणं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या वस्तीच्या मुळावर उठतं. पण आमच्याकडे वाघूर धरणाचं पाणी ड्रममध्ये दीड-दोन दिवस मुक्काम करतंच, तेवढ्यात ते क्लोरीन बरंचसं उडून जातं. टंचाईचा असाही उपयोग.

दुकानदार म्हणाला, थांबायचंच आहे तर झाडं लावून थांबा. पाणवनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, जिवाणूंची वाटही बघत नाहीत. शिवाय पानांवर, मुळांवर बसून थोडे जिवाणू फुकटात घरी येतात. मी वॅलिसनेरियाच्या चार जुड्या, एक जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिनची तीन रोपं आणली. जावा फर्नचं खोड वाळूत पुरलं तर सडतं, म्हणून ते दोऱ्याने दगडाला बांधलं. आईने ते बांधकाम चष्मा लावून पाहिलं. बोलली काही नाही, आणि ते जास्त लागलं.

पाचव्या दिवशी क्रिप्टोकोरिन विरघळायला लागलं. विरघळायला हाच शब्द. पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग त्यांचा शेंबूड झाला. कुजलेलं पान टाकीत राहिलं की अमोनियात भरच, म्हणून मी रोज चिमटा घेऊन एकेक पान काढत होतो आणि दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

त्याच आठवड्यात यावल तालुक्यातले मामा आले. त्यांच्याकडे केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू होती, टिश्यूकल्चरची रोपं नुकतीच शेतात गेलेली. टाकीपुढे मांडी घालून त्यांनी सगळी कहाणी ऐकली. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. मग म्हणाले, "हा तर युरियाचा हिशोब आहे भो. आमच्या काळ्या मातीत दुसरं काय होतं?" खरंच होतं. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले, तेही मातीतून. मासेवाल्यांनी ही विद्या शेतातूनच उसनी आणली म्हणायची. मी इतके दिवस ज्यावर डोकं खाजवलं, ते मामा वर्षानुवर्षं पाटीने फेकत आले होते.

विरघळलेल्या रोपाकडे पाहून ते हळहळले वगैरे नाहीत. "हे कुठे वाढवलेलं?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न मला सुचला नव्हता. ही रोपं नर्सरीत बहुधा पाण्याबाहेर, ओलसर हवेत वाढवतात. ती पानं हवेसाठी घडलेली असतात. पाण्यात बुडवल्यावर ती निकामी होतात आणि रोप पाण्यासाठी वेगळी, पातळ पानं काढतं. मामांना हे नवीन नव्हतं. प्रयोगशाळेच्या बाटलीतलं केळीचं रोप आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली कणखर करतात, आणि तरीही शेतात गेल्यावर खालची पानं करपतातच. "पान नको पाहू, भाचेबुवा. पोंगा पाहा, मधला कोवळा कोंब. पोंगा जिता असेल तर रोप जितं."

चिमटा बाजूला ठेवून मी टॉर्च घेतला. तीनपैकी एक गड्डा पार मऊ होता, तो काढून टाकला. उरलेल्या दोघांत बोटाला घट्ट काहीतरी लागत होतं.

नंतर मी हात घालणं बंद केलं. दिवाही दहा तासांवरून सातवर आणला, कारण काचेवर हिरवा थर धरू लागला होता. अमोनियाची तपासणी केली तर शून्य. हे जिवाणूंचं काम की वॅलिसनेरियाने परस्पर फस्त केलं, ते तपासणीच्या बाटलीला सांगता येत नाही. म्हणून माशांचं अजून लांबणीवरच.

काल दुपारी मी ऑफिसात असताना आईचा फोन. "दोन गोष्टी झाल्यात," ती म्हणाली. "तुझ्या त्या मेलेल्या रोपातून पोंगा निघालाय, तपकिरी, सुईएवढा. आणि काचेवर एक गोगलगाय फिरतेय. ती तू आणलीस का?"

मी आणली नव्हती. झाडांबरोबर आली असणार.

"बरं," ती म्हणाली, "मग आता तिला खायला काय घालायचं?"