तिरफळ आणि मसल : १६७ ची भिंत पडली!

सापडलं एकदाचं! तिरफळ या माझ्या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शन १६७ कॉलच्या पलीकडे खोल जात नव्हतं. साडेतीन आठवडे डोक्यात घोळणारा तो आकडा काल रात्री कायमचा गेला. त्या आनंदातच बसल्या बैठकीला हे लिहितोय.

कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून डेबियन लिनक्स काढून अल्पाइन लिनक्स घातल्याचं मागच्या वेळी सांगितलं होतंच. गोव्यात सावईवेऱ्यात मे महिन्यात वळीव सुरू झाले की दिवसातून तीन-चारदा वीज जाते, आणि लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्ड मेलंच म्हणून समजा. अल्पाइन डिस्कलेस मोडमध्ये सगळं रॅममध्ये चढवतं, ‘एलबीयू कमिट’ म्हटल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही. वळिवात टिकणारं याहून चांगलं मला तरी मिळालेलं नाही. पण अल्पाइन म्हटलं की ग्लिबसी नाही, मसल आली (दोन्ही सी भाषेच्या मूळ लायब्ररी). आणि तिरफळचा इंटरप्रिटर (तिचा कोड चालवणारा सी प्रोग्रॅम) जन्मापासून ग्लिबसीवर वाढलेला.

सुरुवातीची पडझड किरकोळ होती. सगळ्या एररच्या जागी ‘(नल)’ छापून यायचं. ‘_जीएनयू_सोर्स’ लावलं की ग्लिबसीचं ‘स्ट्रएरर_आर’ मजकुराचा पॉइंटर परत देतं, मसलचं पॉझिक्सप्रमाणे पूर्णांक देतं, आणि मी तोच थेट प्रिंटएफला देत होतो. कंपायलरची वॉर्निंग होती, मी वाचली नव्हती. दहा मिनिटांचं काम. ‘मसल असेल तर’ अशी अट घालायला मॅक्रो शोधू नका. तसा मॅक्रो मसलने मुद्दामच ठेवलेला नाही. लायब्ररीचं नाव विचारण्यापेक्षा फंक्शन कसं वागतं ते बिल्डच्या वेळी तपासा. मला आता हेच बरोबर वाटतं.

आता खरं दुखणं. टाकीची पातळी दर पाच मिनिटांनी नोंदवली जाते, म्हणजे दिवसाला २८८ नोंदी. त्यांची बेरीज करणारं तिरफळचं फंक्शन रिकर्सिव्ह आहे, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा कॉल करतं. डेबियनवर वीस हजार कॉलपर्यंत बिनतक्रार जायचं. अल्पाइनवर मात्र दिवसाचा अहवाल क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) नीट निघायचा, आठवड्याचा (२,०१६ नोंदी) ‘कॉल फार खोल गेले’ म्हणून थांबायचा, आणि प्रॉम्प्टवर बसून तोच दिवसाचा अहवाल हाताने चालवला तर तोही थांबायचा. प्रॉम्प्टवर मर्यादा १६७ कॉल, फाइलमधून चालवलं तर अकराशेच्या आसपास. मशीन तेच, बायनरी तीच, कोड तोच! गार्बेज कलेक्टरवर (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागावर) संशय घेऊन त्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. तो बिचारा निर्दोष होता.

धागा सापडला तो याच दोन आकड्यांतल्या फरकात. फाइल वाचणाऱ्या फंक्शनमध्ये ५१२ केबीचा बफर आहे, तोही स्टॅकवर, म्हणजे चालू कॉलची माहिती जिथे साठते त्याच मेमरीत. फाइलमधून चालवताना आधी तो बफर वापरला जातो आणि मग व्हीएम (तिरफळ चालवणारं आभासी यंत्र) उघडून स्टॅकची मर्यादा मोजली जाते. प्रॉम्प्टवर तो बफर कधी लागतच नाही. म्हणजे मोजण्याआधी स्टॅक जितका वापरला, तितकी मर्यादा मोठी! ‘प्रॉक सेल्फ मॅप्स’ ही मेमरीचा नकाशा दाखवणारी फाइल उघडून बघितलं तर प्रॉम्प्टवर स्टॅकच्या ओळीत बरोबर १३२ केबी. त्यातून माझी ६४ केबीची राखीव जागा वजा केली आणि दर कॉलच्या ४१६ बाइटनी भागलं : १६७. कागदावर तो आकडा उतरला तेव्हा खुर्चीतून उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आलो.

मग मसलचा सोर्स उघडला. तो वाचायला सुख आहे, हवं ते फंक्शन पानभरात संपतं. मर्यादेसाठी मी ‘पीथ्रेड_गेटॲटर_एनपी’ वापरतो. मुख्य थ्रेडसाठी (प्रोग्रॅमच्या मुख्य धाग्यासाठी) ग्लिबसी ‘आरलिमिट’, म्हणजे सिस्टिमने घातलेली मर्यादा, बघून ८ एमबी सांगते. मसल वरच्या टोकापासून एकेक पान खाली उतरत ‘एमरिमॅप’ करून बघते : ‘ईनोमेम’ आलं तर पान तिथे आहे, ‘ईफॉल्ट’ आलं तर स्टॅक संपला. म्हणजे या क्षणी मॅप झालेला भागच ती मोजते. याला मी मसलची चूक म्हणणार नाही. कर्नल स्टॅक गरजेप्रमाणे वाढवतो, आज हातात आहे तेवढंच ती सांगते. फंक्शनच्या नावातला ‘एनपी’ म्हणजे नॉन-पोर्टेबल, त्यावर विसंबलो मी.

आता मुख्य थ्रेडसाठी थेट ‘गेटआरलिमिट’ विचारतो, अमर्याद असं उत्तर आलं तर ८ एमबी धरतो, आणि राखीव जागा २५६ केबी केली. निकाल : १९,५०० च्या पुढे, प्रॉम्प्टवर आणि फाइलमधून एकच आकडा. आठवड्याचा अहवाल पहिल्या झटक्यात निघाला!

आणि लगेच पंपाचा थ्रेड पहिल्याच कॉलला ‘फार खोल’ म्हणू लागला. हे मात्र मिनिटभरात कळलं. १.१.२१ पासून मसलमध्ये नव्या थ्रेडचा स्टॅक १२८ केबी असतो (त्याआधी ८० होता), आणि मी राखीवच २५६ धरलेली! थ्रेड बनवताना ‘सेटस्टॅकसाइझ’ने १ एमबी दिला तर १,८९० कॉल मिळतात, आठवड्याला कमी पडतात. २ एमबी दिला, आता ४,४०० आहेत. लिंकरला ‘स्टॅक-साइझ’ सांगूनही जमतं, मसल ते मानते. पण कोडमध्ये डोळ्यांसमोर दिसलेलं मला बरं वाटतं.

लॅपटॉपवरून पायसाठी बिल्ड करायला झिग भाषेचा ‘झिग सीसी’ कंपायलर वापरतोय. टार्गेटमध्ये मसल लिहिलं की झालं, वेगळी टूलचेन जमवावी लागत नाही. सी लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा वापरून बघाच. पायचा ॲडॉप्टर मात्र नवा घ्यावा लागला. बाजारातून स्वस्तातला आणला होता, पंप सुरू झाला की पाय रीस्टार्ट व्हायचा. ॲडॉप्टरवर पैसे वाचवू नका.

यानंतर देवनागरी सॉर्टिंग घ्यायचं ठरलं होतं. मसलचं ‘स्ट्रकोल’ (शब्दांचा क्रम ठरवणारं फंक्शन) नुसते बाइट बघतं. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे चवथीच्या बाजाराच्या यादीत ‘केळी’ येते ‘केवडा’च्या आधी. त्यासाठी स्वतःचा तक्ता लिहायला घेतलाही होता.

पण वरचे आकडे लिहिता लिहिता वाटलं, तिरफळच्या कॉलने सीचा स्टॅक वापरावाच कशाला? कॉलच्या फ्रेम (दर कॉलची माहिती) हीपवर, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, ठेवल्या तर १३२, १२८, ८ एमबी, यातलं काहीच विचारावं लागणार नाही. पायथनने ३.११ मध्ये शुद्ध पायथन कॉलसाठी सीचा स्टॅक वापरणं बंद केलं, ते याच वाटेने. मग ‘इव्हॅल’ हे कोड चालवणारं फंक्शन तोडून एकाच लूपमध्ये आणावं लागेल, आणि सीमधून परत तिरफळमध्ये येणारे कॉल (सॉर्टला दिलेलं तुलनेचं फंक्शन वगैरे) तेवढे सीच्या स्टॅकवर राहतील. तक्ता बाजूला ठेवला. नवी ब्रांच काढली आहे, ‘रिटर्न’ चालतंय, क्लोजर (बाहेरची व्हेरिएबल्स पकडून ठेवणारी फंक्शन्स) अजून फुटतात. ज्यांनी असा बदल आपल्या इंटरप्रिटरमध्ये केला आहे त्यांनी क्लोजरची पकडलेली व्हेरिएबल्स फ्रेममध्येच ठेवली की वेगळी काढली, तेवढं सांगा.