ताकातले जिवाणू आणि बाईंचा तास

आपल्या शाळेत आठवीत असताना मी विचारले होते, "बाई, जिवाणूंनाही आजार होतो का?" वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर जिवाणूभक्षी विषाणू काढला आणि तो आपला डीएनए जिवाणूत कसा सोडतो ते सांगितले. काही जिवाणू स्वतःच्या डीएनएवर रासायनिक खूण करतात आणि बिनखुणेचा परका डीएनए कापून टाकतात, हेही त्यांनीच शोधून आणले. त्या शोधाला १९७८चे नोबेल मिळाले होते.

आज मी दुग्धप्रयोगशाळेत विरजणाचे जिवाणू सांभाळते. विषाणूची लागण झाली की टाकीभर दूध तसेच राहते, दही लागतच नाही. दह्याच्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवरच बारांगू, होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये दाखवून दिले की लागणीतून तगलेल्या जिवाणूंनी विषाणूच्या डीएनएचे लहानसे तुकडे आपल्या डीएनएत बसवून घेतलेले असतात. तुकडा काढला की प्रतिकार जातो. तुकड्यांच्या या रांगेला क्रिस्पर म्हणतात. नवे तुकडे बहुधा तिच्या एकाच टोकाला बसतात, आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरसारखे, आल्या क्रमाने. तोच विषाणू पुन्हा शिरला की त्या नोंदीवरून बनलेला आरएनए, म्हणजे तिची नक्कल, त्याला ओळखतो आणि कास नावाची प्रथिने त्याचा डीएनए तोडतात. पेशी दुभागली की नोंद पुढच्या पिढीलाही मिळते. एका पेशीच्या जिवाला एवढी आठवण! मला अजून याचे नवल वाटते.

या नोंदींचा माग काढणाऱ्यांत मला जवळचे वाटतात ते स्पेनचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को मोहिका. तिथल्या सांता पोलाच्या मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएत त्यांना पुन्हा पुन्हा येणारे तेच अनुक्रम दिसले, मध्ये मध्ये वेगळे तुकडे असलेले. कशासाठी, ते कळेना. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी पिच्छा सोडला नाही. मधले तुकडे विषाणूंचे आहेत हे उमगल्यावरही नियतकालिके निबंध नाकारत राहिली. तो अखेर २००५मध्ये छापून आला.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे अंग ठणकत असतानाही वर्गात बसणाऱ्या आपल्या मैत्रिणी तुम्हालाही आठवत असतील. डीएनए तोडणाऱ्या त्याच कास प्रथिनांपैकी कास-९ वापरून केलेल्या सिकलसेलच्या उपचाराला २०२३मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. तो अजून फार महाग आहे, विदर्भातल्या घरांच्या आवाक्याबाहेरचा. तरी मिठागरापासून तिथवरची ही वाट आपल्या आठवी-नववीच्या मुलांना कळायला हवी, असे मनापासून वाटते. शाळेने बोलावले तर मी येईन. ताक आणि काचपट्ट्या मीच घेऊन येते, सूक्ष्मदर्शक तेवढा काढून ठेवा.