रस्ता चढतो तेवढं विमान चढत नाही

अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळच्या विमानतळावर कुणी भाड्याने विमान मागितलं, की प्रशिक्षक म्हणून मी आधी त्याचा नकाशा बघतो. ऑगस्टमधल्या त्या दुपारी सेसना 172 हे चार आसनांचं छोटं विमान मागायला आलेला तरुण पुण्याचा होता, पण विमान चालवायला शिकला होता फ्लोरिडात, समुद्रसपाटीला. निघाला होता सॉल्ट लेक सिटीला. नकाशावरची रेघ आय-70 महामार्गावरून: जॉर्जटाउन, पुढे लव्हलँड खिंड. "रस्ता खाली दिसत राहील सर, चुकायचा प्रश्नच नाही."

2 ऑक्टोबर 1970 रोजी विचिटा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ घेऊन एक मार्टिन 404 विमान याच दरीतून खालून वर चाललं होतं. ते डोंगरावर कोसळलं आणि त्यातल्या 40 पैकी 31 जण गेले. पुढचा डोंगर ओलांडण्याइतकी उंची गाठता येईना आणि दरीत वळायलाही जागा पुरेना.

आम्ही हिशेब मांडला. आमची धावपट्टी 5,673 फुटांवर. 30 अंश तापमानात डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला भासणारी उंची, सुमारे 8,800 फूट. अशा ठिकाणी उड्डाणाआधी मिक्स्चर लीन करायचं, म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी करायचं असतं, हे त्याने कधी केलेलंच नव्हतं. 10,000 फुटांवर भरलेलं 172 मिनिटाला 250 फूट चढलं तरी पुष्कळ. जॉर्जटाउन साधारण 8,500 फुटांवर. तिथून आयझेनहॉवर बोगद्याचं तोंड 20 किलोमीटरवर, 11,000 फुटांवर. ते अंतर विमान सात मिनिटांत कापेल आणि तेवढ्यात चढेल 1,750 फूट. रस्ता मात्र 2,500 फूट चढलेला असेल, आणि डोंगरमाथा बोगद्याच्याही हजारभर फूट वर.

"मग वळून परत आलो तर?"

प्रश्न अगदी योग्य होता. वेगाच्या काट्यावर 75 नॉट (ताशी सागरी मैल) दिसले तरी त्या विरळ हवेत खरा वेग 90 च्या आसपास असतो, आणि 30 अंश बँकला, म्हणजे पंख तेवढे कलवून, वळणाचा व्यास होतो 760 मीटर. भिंत जवळ दिसली की हात 60 अंशांकडे जातो. तिथे स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो वेग, 41 टक्के वाढतो, 53 चा 75 होतो. म्हणजे ज्या वेगाने चढत होतो, त्याच वेगाला स्टॉल. मला सगळ्यात भीती वाटते ती मात्र त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांची. दरीत खरं क्षितिज दिसत नाही. समोरचा चढच क्षितिज वाटतो, नाक नकळत वर ओढलं जातं आणि वळणासाठी राखलेला वेग हळूहळू संपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडच्या मैदानावर 10,000 फुटांवर गेलो. तिथले शेतरस्ते एकेक मैलावर समांतर जातात. त्यांनाच दरीच्या भिंती मानलं. तो सवयीने मधोमध उडत होता. वळायला एका बाजूला उरले 800 मीटर, आणि वळण संपलं ते जवळजवळ भिंतीवरच. मग उजव्या रस्त्याला चिकटून यायला सांगितलं. तेच वळण, तीच बँक, पण या वेळी अर्धी दरी मोकळी राहिली.

माथ्यावर 2,000 फूट राखायचे तर 14,000 फूट लागतात, आणि ती या विमानाची कमाल मर्यादा. त्यात वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला खाली ओढणारी हवा मिनिटाला हजार फुटांचीही असू शकते. त्याने आय-70 ची रेघ खोडली आणि उत्तरेकडून नवी आखली: लारामी, रॉक स्प्रिंग्ज, मग पश्चिमेला. त्या वाटेवर आय-80 चा सर्वांत उंच भाग 8,640 फुटांवर आहे. निघायची वेळही दुपारऐवजी पहाटेची ठरली.