सरकारी वॉर्डातलं सिझर: गोव्याहून गावाकडच्या मैत्रिणींना

लेक झाल्यापासून गडहिंग्लजहून जितके फोन आले, त्यांत बहुतेकांचे प्रश्न दोनच. सिझर का केलं? आणि सरकारीत का गेलीस? दोन्ही विचारताना आवाजात कीव. मांडीवर बाळ रडत असताना फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून इथे लिहिते.

सिझर झालं ते बाळ पायाळू होतं म्हणून. शेवटच्या सोनोग्राफीतही डोकं वरच. दिवस भरत आले तरी दर 100 बाळांतली 3-4 अशीच राहतात. त्यात पायांकडून अंग बाहेर येऊन डोकं मागे अडकण्याची भीती असते, म्हणून पहिलटकरणीला डॉक्टर बहुधा सिझरच सुचवतात. पायाळू म्हटल्यावर आजी मात्र हरखली. उसण भरली की पाय लावायला आता घरचंच माणूस झालं म्हणाली! पोट कापून काढलेलं बाळ पायाळू धरायचं की नाही, यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांची चर्चा अजून चालू आहे.

गोव्यात सिझर फार होतात, हे खरं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात 21.5 टक्के बाळंतपणं सिझरची होती, गोव्यात 39.5 टक्के. ती सगळीच गरजेची होती असं मी म्हणणार नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, कारण विचारा आणि समजेपर्यंत विचारा. माझं कारण सोनोग्राफीच्या कागदावर मला दिसत होतं, त्यामुळे सही करताना हात थरथरला नाही.

आता सरकारीचं. इथे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल, ज्याला लोक अजून आझिलोच म्हणतात, आणि मडगावचं हॉस्पिसियो ही मोठी नावं. गोमेकॉचं मूळ तर पोर्तुगीजांनी 1842 मध्ये काढलेल्या वैद्यकीय शाळेत आहे. नोकरदार घरातल्या बायकाही इथे सरकारीत नाव घालतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मी त्यातल्याच एका ठिकाणी गेले. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि सिझरनंतर 7 दिवसांपर्यंतचं जेवण फुकट मिळणं हा देशभरच्या बाईचा हक्क आहे. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तो लिहिलेला आहे. तुमच्या उपजिल्हा रुग्णालयातही तो लागू आहे. कुणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली, तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.

ऑपरेशनचं बोलू. टेबलाच्या कडेला बसवून पाठीची कमान करायला सांगतात. एवढं पोट घेऊन वाकायचं म्हणजे परीक्षाच. समोर उभ्या सिस्टरने माझे खांदे धरले आणि कोकणीत म्हणाली, "भियेनाका गो बाये, हांव आसा." पाठीवर गार बोळा फिरला, भुलीची सुई टोचली आणि थोड्याच वेळात पाय गरम होऊन आपले राहिलेच नाहीत. पुढे दुखत काहीच नाही, पण कळतं सगळं. आत कुणीतरी ओढतंय, ढकलतंय, पोटावर दाब देतंय. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. दातांवर दात आपटतील अशी हुडहुडी भरली, तीही नेहमीची असते म्हणे. मग रडणं ऐकू आलं, "चली जाली", म्हणजे मुलगी झाली, आणि ओला, उबदार गाल माझ्या गालाला लागला.

खरी कसोटी नंतरची, पहिल्यांदा उठायची. पायात रक्ताची गाठ होऊ नये आणि आतडी हलती व्हावीत, म्हणून लवकर उठवतात. लघवीची नळी काढली आणि सिस्टर हजर झाली. सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर व्हायचं, गुडघे जवळ घ्यायचे, पाय खाटेखाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने अंग वर आणायचं. टाक्यांवर उशी घट्ट दाबून धरायची, खोकतानाही आणि हसतानाही. बसले तेव्हा टाके विस्तवासारखे पेटले. उभी राहिले तर पाठ सरळ होईना. शेजारच्या खाटेवर दोडामार्गकडची एक बाई होती, तिचं दुसरं सिझर. तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवूनच मला सांगितलं, "जमनीकडे बघू नको गे, समोर बघ." समोर बघितलं आणि संडासापर्यंत चालत गेले. त्या एका वाक्याचं मोल मी कुणाला पटवून सांगू शकत नाही.

दुधाचंही तसंच. सिझरनंतर दूध भरायला थोडं उशिराने लागतं आणि आपण रडकुंडीला येतो. सुरुवातीचं घट्ट पिवळं दूध चमचाभरच आलं तरी त्या पोटाला ते पुरतं. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखाली आडवं धरून पाजायचं हे सिस्टरने दाखवलं. पलीकडच्या खाटेवरची कन्नड बोलणारी सासू मात्र कोणतीही भाषा न लागता माझ्या बाळाची मान बरोबर वळवून द्यायची. सकाळी चहाबरोबर पाव आला तेव्हा आईचा चेहरा पडला, बाळंतिणीला पाव! ती आंबोली घाट उतरून डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा घेऊन आली होती. दुपारी उकड्या तांदळाची पेज आली, तेव्हा कुठे ती शांत झाली.

वाईट वाटलं तेही लिहिते. बाळ बाहेर येताना नवऱ्याला जवळ थांबता आलं नाही, तो रक्त देऊन जिन्यापाशी उभा होता. रात्री सोबतीच्या बायका फरशीवर चादर टाकून झोपायच्या. त्यांत गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याही होत्या, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत त्यांना साधी आरामखुर्ची मिळू नये याचा मला राग आला. कळा देणाऱ्या एका कोवळ्या पोरीवर कुणीतरी खेकसलं, तोही आवाज माझ्या कानात आहे. औषध फुकट असलं म्हणून बाईला गप्प बसवायचा अधिकार कुणाला मिळत नाही.

घरी सोडण्याआधी बीसीजी, पोलिओचा डोस आणि काविळीची लस झाली. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, म्हणून निघण्याआधी आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग कागदावर तपासून घ्या. घरी आल्यावर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, सासूने कळशी पुढे केली तरी नाही. आणि ताप आला, टाके लाल होऊन पाणी सुटलं, अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, रक्तस्राव वाढला किंवा एकाच पोटरीला सूज चढली, तर ओवा-शेपाची धुरी घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.