सोलापुरी टॉवेलचे तीन दर

न्यू जर्सीतील एलिझाबेथ बंदराजवळच्या एका कस्टम ब्रोकरच्या कार्यालयात मी एंट्री रायटर म्हणून काम करते. परदेशातून आलेल्या मालाचे वर्गीकरण करायचे, त्यावरील शुल्काचा हिशेब मांडायचा आणि आयातदाराच्या वतीने ते विवरण अमेरिकी कस्टम्सच्या संगणकप्रणालीत दाखल करायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. मी मूळची उरणची. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा बघत लहानाची मोठी झाले आणि आता तेच कंटेनर दुसऱ्या टोकाला उतरताना कागदावर बघते. काही वर्षांपूर्वी या कामाचा मला कंटाळा येत असे. २०२५ मध्ये कंटाळण्याची सवडच उरली नाही.

१६ सप्टेंबर २०२५ चा मंगळवार मला लख्ख आठवतो. आमचे एक आयातदार मूळचे सोलापूरचे आहेत. तिथल्या कारखान्यातून सुती टेरी टॉवेल मागवून ते इथल्या छोट्या मोटेलांना पुरवतात. मी त्यांना काका म्हणते. ते वयाने कितीतरी मोठे असूनही मला ताई म्हणतात. त्यांचा सुमारे ६०,००० डॉलर किमतीचा एक कंटेनर त्या दिवशी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या बाहेर समुद्रात होता, आणि तो मध्यरात्रीच्या आत बंदराच्या हद्दीत येतो की नाही, यावर १५,००० डॉलर अवलंबून होते.

हे कसे, ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल. सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेत मुळात ९.१ टक्के शुल्क आहे. एप्रिल २०२५ पासून त्यावर १० टक्क्यांची भर पडली. ७ ऑगस्टपासून भारतीय मालासाठी ही भर २५ टक्के झाली आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लावण्यात आले. मात्र प्रत्येक आदेशात वाटेवरच्या मालासाठी एक फट ठेवलेली होती. ७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला माल ५ ऑक्टोबरपूर्वी दाखल झाला तर त्याला जुना १० टक्क्यांचाच दर लागणार होता. २७ ऑगस्टपूर्वी चढलेला माल १७ सप्टेंबर सुरू होताना, म्हणजे १६ च्या मध्यरात्री १२:०१ पूर्वी दाखल झाला, तर त्याची दुसऱ्या २५ टक्क्यांतून सुटका होती.

काकांचा पहिला कंटेनर ५ ऑगस्टला चढला होता. त्याच्या बिल ऑफ लेडिंगवरचा, म्हणजे जहाज कंपनीच्या पावतीवरचा, माल जहाजावर चढल्याचा ‘शिप्ड ऑन बोर्ड’चा शिक्का मी भिंग लावल्यासारखा तपासला, कारण माल बंदरात जमा झाल्याच्या तारखेला इथे काही किंमत नसते. त्यावर ११,४६० डॉलर शुल्क बसले. दुसरा, त्या संध्याकाळी समुद्रात असलेला कंटेनर ९ ऑगस्टला निघाला. तो वेळेत आला तर २०,४६० आणि उशिरा आला तर ३५,४६०. तिसरा अजून सोलापुरातच होता. धागा तोच, कारखाना तोच, एका टॉवेलचे वजनही तेच. पण तीन कागदांवर तीन वेगळे आकडे.

सवलतीची ती मुदत कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली असेल, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बहुतेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून येत होती. त्यामुळे २६ ऑगस्टला न्हावा शेव्याहून निघालेले जहाज १६ सप्टेंबरपर्यंत इथे पोहोचणे शक्यच नव्हते. कागदावरची सवलत २६ ऑगस्टपर्यंत निघालेल्या मालासाठी होती. प्रत्यक्षात ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच संपलेली होती.

दुपारपासून काकांचे फोन सुरू झाले. विवरण मी आधीच दाखल करून ठेवले होते, परंतु समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या बाबतीत जहाज माल उतरवण्याच्या इराद्याने बंदराच्या हद्दीत येईपर्यंत दाखल होण्याची वेळ धरली जात नाही. ‘ताई, धक्क्याला लागायला पाहिजे का नुसतं आत आलं तरी चालतंय?’ असे त्यांनी निदान चार वेळा विचारले. आत आले तरी चालते, असे मी चारही वेळा सांगितले आणि प्रत्येक वेळी खात्री करायला नियम पुन्हा उघडून वाचला.

कार्यालयातल्या दूरचित्रवाणीवर दिवसभर फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचीच चर्चा होती. व्याजदर ठरवणारी त्यांची दोन दिवसांची बैठक त्याच दिवशी सुरू झाली होती. स्टीफन मायरन यांनी सकाळीच तिच्या गव्हर्नर मंडळाचे सदस्य म्हणून शपथ घेतली होती. आदल्या संध्याकाळी सेनेटने ४८ विरुद्ध ४७ मतांनी त्यांना मंजुरी दिली होती. आयातशुल्कामुळे महागाई फारशी वाढत नाही, असे त्यांचे मत. ऑगस्टमधील वार्षिक महागाई २.९ टक्के निघाली होती आणि तिच्यात शुल्काचा वाटा किती, यावर पडद्यावरची मंडळी हातघाईवर आली होती. त्यांच्यापैकी एकजण ‘भारत आता पन्नास टक्के भरतो आहे’ असे म्हणाला, तेव्हा माझ्यासमोर काकांच्या बँक खात्यातून शुल्क वळते करण्याचा अर्ज उघडा होता. कस्टम्सच्या विवरणात आयातदाराच्या नावासाठी एक रकाना असतो. पैसे त्याच्याच खात्यातून जातात. निर्यात करणाऱ्या देशाने पैसे भरण्याचा रकाना मी आजवर पाहिलेला नाही.

संध्याकाळी सगळे घरी गेले, मी थांबले. जहाजांचा नकाशा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आमचे जहाज एका हिरव्या बाणासारखे दिसत होते आणि तो बाण दोन तास न्यूयॉर्क बंदरात शिरणाऱ्या अँब्रोज खाडीमार्गाच्या तोंडाशी जागचा हलला नाही. जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट चढण्याची वाट बघत असावे. पावणेदहाला बाण हलला. साडेदहाच्या सुमारास तो व्हेराझानो पुलाखालून आत शिरला, तेव्हा मी पडद्याचे छायाचित्र वेळेसकट जपून ठेवले आणि काकांना फोन केला. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, ‘बरं झालं. आता जेवतो.’ पुढे किल व्हॅन कलच्या चिंचोळ्या पाण्यातून, बेयॉन पुलाखालून जहाज धक्क्याला लागायला दीड वाजला. पण त्याचा आता हिशेबाशी संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याजदर पाव टक्क्याने कमी झाला. मायरन यांनी एकट्यानेच अर्ध्या टक्क्याची मागणी केली. पत्रकार परिषदेत अध्यक्ष जेरोम पॉवेल म्हणाले, की शुल्काचा भार सध्या मुख्यतः निर्यातदार आणि ग्राहक यांच्या मधल्या कंपन्या सोसत आहेत. काका तेव्हा माझ्या टेबलासमोर बसले होते. मोटेलांशी त्यांचे वर्षभराचे दर आधीच ठरलेले होते, त्यामुळे वाचलेल्या रकमेचा आनंद दूरच, २०,४६० पैकी एक डॉलरही त्यांना गिऱ्हाइकावर टाकता येत नव्हता. ‘मधले म्हणजे आपणच की,’ ते म्हणाले.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. अमेरिकेच्या १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली लावलेली ही शुल्के अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला बेकायदा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने नुकतेच ते प्रकरण सुनावणीसाठी घेतले होते. निकाल आपल्या बाजूने लागला तर भरलेले पैसे परत मिळतील का? मी त्यांना आश्वासन दिले नाही. एवढेच सांगितले, की विवरण अंतिम व्हायला साधारण ३१४ दिवस लागतात आणि त्यानंतर हरकत नोंदवायला १८० दिवस मिळतात, तेव्हा एकही कागद टाकू नका. त्यांनी पिशवीतून एक जाड फाईल काढली, तीत दोन्ही कंटेनरचे कागद लावले आणि तिसऱ्यासाठी सोलापूरला फोन लावला. तिथे मध्यरात्र उलटून गेलेली होती, हे दोघांच्याही लक्षात आले नाही.