राजाची शपथ आणि आजोबांचा प्रश्न

गेल्या महिन्यात टोरांटोजवळच्या एका सभागृहात उजवा हात वर करून मी कॅनडाचा नागरिक झालो. शपथ न्यायाधीशांच्या मागोमाग म्हणायची, आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी एकनिष्ठ राहीन, या ओळीला माझी जीभ अडखळली.

मी वाढलो त्या नागपूरच्या घरात प्रतिज्ञेला फार वजन होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा दीक्षाभूमीवर होते, अठरा वर्षांचे, कुणाचा तरी मागून आणलेला पांढरा सदरा घालून. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ‘मी दारू पिणार नाही’ हीही होती. लग्नाकार्यात कुणी ग्लास पुढे केला की आजोबा दोन बोटांनी तो मागे सरकवायचे. त्या बावीसात बाबासाहेबांचं स्वतःचं नाव कुठेही नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं.

मग मी एका राजाला निष्ठा का वाहावी? ओंटारियोच्या अपील न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं की शपथेतला राजा म्हणजे ती व्यक्ती नव्हे, इथली शासनपद्धती. शपथ घेऊनही राजेशाहीला उघड विरोध करता येतो. मला हे अर्धंच पटतं. घटनेशी निष्ठा हवी तर सरळ तिचंच नाव घ्यावं, आपले आमदार-खासदार घेतात तसं. आणि इथे जन्मलेल्या माझ्या लेकीला तर नागरिक म्हणून यातलं काहीच म्हणावं लागलं नाही.

पण तिनं हा देश निवडला नाही, मी निवडला. इथे मत द्यायचा हक्क मी मागितला, तर इथला कायदा पाळीन हा शब्द मी शेजाऱ्यांना द्यायलाच हवा. २०२१ पासून शपथेत इथल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांचा उल्लेख आहे. ती ओळ मी मोठ्यानं म्हटली.

रात्री फोन केला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुले नाही म्हणता आलं असतं का?”

“हो, आजोबा. राहता आलं असतं इथेच. फक्त मत देता आलं नसतं.”

“मंग मतदानाले जाजो,” ते म्हणाले.