एक डॉलरची नोट आणि दीड हजारांची दुर्बीण

अमेरिकेत मल्टीगन नावाचा नेमबाजीचा एक प्रकार खेळला जातो. एकाच स्पर्धेत, बऱ्याचदा एकाच डावात, रायफल, पिस्तूल आणि शॉटगन ही तिन्ही हत्यारं वापरायची. धावायचं, वाकायचं, लाकडी चौकटीतून नेम धरायचा, एक हत्यार रिकामं किंवा सेफ्टी लावून पिंपात ठेवायचं आणि दुसरं उचलायचं. टायमरच्या पहिल्या आवाजापासून शेवटच्या गोळीपर्यंतचा वेळ मोजतात आणि चुकलेल्या टार्गेटचे सेकंद त्यात वाढवतात. अशा स्पर्धांना मी आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, म्हणून जातो. तंबूत एक टेबल, पाने, पेचकस, टॉर्क मोजणारा स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि तेल. टेबलाजवळ एकही काडतूस आणायचं नाही, हा नियम मी कोणाहीसाठी मोडत नाही.

हा प्रसंग ॲरिझोनातल्या एका हिवाळी स्पर्धेतला. वाळवंटात दुपारी शर्टावर वावरता येतं, पण सकाळी सातला बोटं वळत नाहीत. त्या थंडीचं पहिलं गिऱ्हाईक नेहमी एकाच जातीचं असतं. घरच्या रेंजवर, उकाड्यात, रायफलचा धक्का कमी व्हावा म्हणून त्याने ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (नळीतला थोडा वायू बोल्ट मागे ढकलायला वळवणारा, कमी-जास्त उघडता येणारा ठोकळा) पार टोकापर्यंत बंद केलेला असतो आणि वर हलका बोल्ट कॅरियर (गोळीगणिक मागे-पुढे सरकणारा भाग) घातलेला असतो. उन्हाळ्यात बंदूक शिलाई मशीनसारखी चालते. थंडीत बारुदाचा दाब थोडा उतरतो, तेल दाटतं, आणि बोल्ट पुरेसा मागे येत नाही. त्या सकाळी असे तिघे आले. तिघांनाही गॅस दोन-दोन खटके उघडून दिला. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे अडकतो का, हे पाहत गॅस ठरवतात ते बरोबरच आहे. पण तो त्या किमान खुणेपेक्षा थोडा जास्त उघडा ठेवायचा असतो, आणि हे थंडीत एकदा फजिती झाल्याशिवाय कोणी ऐकत नाही. एका मुलीच्या शॉटगनचा चॉक (नळीच्या तोंडात आट्यांवर बसणारा तुकडा) सैल झाला होता. तो काढून, आटे पुसून, ग्रीस लावून परत बसवला. एवढ्यात नऊ वाजले.

मग आला तो गृहस्थ. पन्नाशीचा, धंद्याने प्लंबर, हाताची बोटं माझ्या दुप्पट जाड. रायफलची पेटी मात्र त्याच्या हातात नव्हती. त्याच्याच स्क्वॉडमधला, म्हणजे सोबत खेळणाऱ्या गटातला, एक तरुण ती मोठ्या काळजीने उचलून आणत होता.

"स्कोप गेला," प्लंबर रायफलवरच्या दुर्बिणीबद्दल म्हणाला. "तुम्ही फक्त रेंज मास्टरला तसं सांगा."

रेंज मास्टर म्हणजे मैदानावरचा मुख्य अधिकारी, आणि प्लंबरला माझ्याकडून एवढंच हवं होतं. यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या नियमांप्रमाणे स्पर्धकाने संपूर्ण स्पर्धा त्याच बंदुकीने आणि त्याच प्रकारच्या साइटने (नेम धरायच्या साधनाने) खेळायची असते. बंदूक किंवा साइट निकामी झाली तर बदलता येते, पण बदलण्याआधी रेंज मास्टरची परवानगी लागते. त्याच्या गाडीत दुसरी दुर्बीण होती, एक ते दहा पटींची, नवीकोरी. रायफलवर बसवलेली एक ते सहा पटींची होती आणि तिला त्याने दीड हजार डॉलर मोजले होते. "आता हिचे निम्मेही येणार नाहीत," तो म्हणाला. तरुणाने मान डोलावली. निम्म्या किमतीला ती त्यानेच घ्यायची, असं चालता चालता ठरलं होतं, हे मला नंतर कळलं.

काय झालं ते विचारलं. तिसऱ्या स्टेजला, म्हणजे डावाला, ३०० यार्डांवर दहा इंची लोखंडी पाट्या होत्या. पहिल्या तीन गोळ्या पाटीच्या वरून गेल्या आणि मागच्या मातीच्या बांधावर धूळ उडाली. मित्राने ओरडून सांगितलं, वर जातंय. याने नेम खाली घेतला आणि पाटी वाजली. पुढच्या जागी गेला, तोच खालचा नेम धरला, तर गोळी पाटीच्या पुढ्यात मातीत. परत वर घेतला, तेव्हा लागली. "झिरो भटकतोय," तो म्हणाला, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली मांडणी सरकतेय. "आतलं काहीतरी निसटलंय."

दुर्बिणीत रेटिकल (नेमाची खूण) धरून ठेवणारी स्प्रिंग खराब होऊ शकते, हे खरं. पण तेव्हा झिरो असा शिस्तीत भटकत नाही. तो गोळीगणिक इकडे तिकडे जातो, किंवा एकदा सरकला की सरकलेलाच राहतो. इथे तो वर गेला आणि परत जागेवर आला. मी दुर्बिणीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "पहिल्या जागी तुमचं अंग कसं होतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, उभा होतो, लाकडी चौकटीच्या फळीवर हॅन्डगार्ड, म्हणजे बॅरलभोवतीचं धरायचं आवरण, टेकवून, डाव्या हाताने खाली दाबून धरला होता. आणि दुसऱ्या जागी? आडवा पडून, मॅगझिन जमिनीला टेकवून.

माझ्या डोक्यात तिथेच अर्धं उत्तर तयार झालं होतं, पण रेंज मास्टरपुढे अर्धं उत्तर चालत नाही. म्हणून आधी दुर्बिणीला न्याय. बंदूक रिकामी, चेंबरमध्ये ती रिकामी असल्याचा फ्लॅग. माऊंटच्या स्क्रूंवर त्याने रंगाच्या खुणा केल्या होत्या. त्या सरळ जुळत होत्या. रिंगांचे स्क्रू १८ इंच-पौंडांवर हलले नाहीत, खालचा नट ६५ वर हलला नाही. बॅरलच्या पुढच्या टोकाचा, धक्का कमी करणारा ब्रेक हाताने पिळून पाहिला, घट्ट. सैल ब्रेकनेही नेम बिघडतो आणि लोक तो कधीच तपासत नाहीत.

मग बंदुकीकडे जरा नीट पाहिलं. १८ इंची बॅरल, .२२३, ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक. आणि एकदम बारीक, नाजूक हॅन्डगार्ड. "हा नवीन?" "हो, हिवाळ्यात बदलला. आधीचा जाड होता. तीन औंस वाचले." हे तीन औंस प्रत्येक स्पर्धेत मला भेटतात. मल्टीगनमध्ये रायफल एका टार्गेटवरून दुसऱ्यावर झटकन वळवावी लागते, म्हणून पुढचं टोक हलकं हवं, ही मागणी रास्तच आहे. पण हॅन्डगार्ड बॅरलला कुठेच शिवायला नको, हीच तर त्या फ्री-फ्लोट रचनेची सगळी कमाई. हॅन्डगार्डचा घेर कमी केला की आत गॅस ब्लॉकभोवती जी पोकळी उरते ती केसाएवढी असते.

खिशातून एक डॉलरची नोट काढली. ही युक्ती माझी नाही, लाकडी दस्त्याच्या शिकारी रायफलींवर ती जुन्या काळापासून चालत आली आहे. नोट हॅन्डगार्डच्या पुढच्या तोंडातून आत सारली आणि गॅस ब्लॉकखालून मागे ओढत नेली. सहज सरकली. तरुणाचा चेहरा खुलला. मग टेबलाच्या कडेला एक फळी आडवी बांधली, त्यावर हॅन्डगार्ड टेकवला आणि प्लंबरला म्हटलं, स्टेजवर दाबलात तसं दाबा. त्याने ते जाडजूड हात लावले. मी नोट ओढली. ती अडकली.

"सोडा." नोट सुटली. "दाबा." अडकली.

त्याने स्वतः दोन-तीनदा करून पाहिलं. टॉर्च लावून आत डोकावलो तर गॅस ब्लॉकच्या खालच्या कडेवर काळा लेप घासून धातू चकाकत होता. हॅन्डगार्ड दाबाने वाकायचा, गॅस ब्लॉकला टेकायचा आणि बॅरलला खालून वर रेटायचा. दुर्बीण बसलेली असते रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्यावर. ती जागची हलत नाही. म्हणजे रेटिकल पाटीवर आणि नळी पाटीच्या वर.

रेंज मास्टर आला. कागदावर दिसल्याशिवाय तो काही मानत नाही, आणि ते बरंच आहे. त्याच्या देखरेखीखाली झिरो करायच्या मैदानावर गेलो. त्या रायफलचा झिरो ५० यार्डांचा होता, बहुतेक मल्टीगनवाले तोच ठेवतात. साइट नळीच्या अडीच-पावणेतीन इंच वर असते. ५० यार्डांवर गोळी नेमाची रेषा ओलांडून वर जाते, १०० वर दीड-दोन इंच उंच असते, २०० च्या आसपास परत रेषेवर येते आणि ३०० वर साधारण सात-आठ इंच खाली पडते. हीच साइटची उंची जवळच्या टार्गेटवर उलटते. पाच-सात यार्डांवर गोळी दोन इंचांहून जास्त खाली लागते, आणि बाजूला पांढरं नो-शूट टार्गेट (ज्यावर गोळी लागायला नको असं) असेल तर दंड बसतो. हे घरी कागदावर मारून पाहिलेलं असेल तर डावात आठवतं.

१०० यार्डांवर पाच गोळ्या, बंदुकीचा भार मॅगझिनजवळ वाळूच्या पिशवीवर. दीड इंची झुबका, नेमाच्या वर दोन इंच. जसा हवा तसा. नंतर पाच गोळ्या हॅन्डगार्ड फळीवर दाबून. झुबका तेवढाच घट्ट, पण आधीच्यापेक्षा आणखी साडेतीन इंच वर. १०० वरचे साडेतीन म्हणजे ३०० वर साडेदहा. पाटी दहा इंची, म्हणजे मध्यापासून वरच्या कडेपर्यंत पाचच इंच. गोळ्या वरून का गेल्या, याचा हिशेब तिथेच पुरा झाला.

"दुर्बीण शाबूत आहे," रेंज मास्टर म्हणाला. "बदलायची परवानगी नाही." आणि निघून गेला.

प्लंबरला हायसं वाटायला हवं होतं, पण तो थोडा खट्टूच झाला. दहा पटींची नवी दुर्बीण वापरायला मिळणार नव्हती ना! तिथे मी त्याला माझं मत सांगितलं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. भिंग २४ मिलिमीटरचं असेल तर सहा पटींवर ४ मिलिमीटर, दहा पटींवर २.४. उन्हात आपली बाहुली तशीही आकसलेली असते, त्यामुळे चित्र काळोखं दिसेल ही भीती नाही. पंचाईत वेगळी आहे. झोत जितका बारीक तितकं डोकं नेमकं ठेवावं लागतं. बाकावर बसून ते जमतं. धावत येऊन, धापा टाकत, वाकड्या फटीतून बघताना डोकं थोडं सरकलं की चित्र काळं. शिवाय मल्टीगनमधली रायफलची बहुतेक टार्गेटं कागदी आणि जवळची असतात, लांबच्या पाट्या मोजक्या. एक पटीवर ज्या दुर्बिणीतून दोन्ही डोळे उघडे ठेवून खरोखर साधं दिसतं आणि जिच्यातला नेमाचा चमकता ठिपका भर उन्हात ठळक राहतो, ती मी घेईन. वरच्या चार पटींसाठी जादा पैसे मोजणार नाही. दोनशे यार्डांपलीकडची टार्गेटं ढिगाने असलेल्या मैदानावर कोणी नेहमी खेळत असेल तर त्याचं गणित वेगळं.

"तुम्ही विकत घ्यायच्या आधी भेटायला हवे होतात," तो म्हणाला.

पुढचा स्टेज चाळीस मिनिटांवर होता. दुसरा हॅन्डगार्ड माझ्याकडे नव्हता. बसवलेलाच काढून, आतल्या बाजूने घासल्याची जागा शोधली आणि गोल कानशीने तेवढीच घासली. ॲल्युमिनियम मऊ असतं, काम पटकन होतं, पण भिंत पातळ, म्हणून मिलिमीटरहून कमीच काढलं. मालकाला आधी विचारलं होतं, कारण त्या हॅन्डगार्डवर त्याने हौसेने रंग मारून घेतला होता. परत बसवताना एक गोष्ट सापडली, हॅन्डगार्ड मुळातच अंशभर तिरका आवळला होता. तो सरळ केला. फळीवर दाबून नोट फिरवली, शेवटपर्यंत सरकली. मैदानावर पुन्हा पाच बाकावरून, पाच फळीवरून. दोन्ही झुबके एकमेकांवर.

जाताना त्याला आणखी एक सांगितलं. फळीवर टेकवायचंच असेल तर मॅगझिनच्या पुढ्यातला भाग टेकवा, हॅन्डगार्डचं टोक नको. टोकावर जोर दिला की तरफ लांब होते, कितीही जाड हॅन्डगार्ड थोडा वाकतोच. पाचव्या स्टेजला लांबच्या पाट्या त्याने एकेका गोळीत वाजवल्या, असं स्क्वॉडमधले सांगत होते. तिथेच शॉटगन भरताना चार काडतुसं हातातून सांडून सगळा वेळ घालवला, हेही सांगत होते.

दुपारी तो तरुण एकटाच तंबूत आला. पेचकस चाळवले, टॉर्क रेंचची किंमत विचारली, उगाच रेंगाळला. मग हळूच म्हणाला, "त्या स्कोपमध्ये अगदी काहीच दोष नाही का हो? थोडासासुद्धा?"